पेटीतला रक्तबीज आणि बाटलीतली अक्कल

मंडळी, आजची नोंद भांडणाची आहे. भांडण कुणा एका माणसाशी नाही, एका सवयीशी आहे. नको असलेले काही दिसले की बाटली शोधायची, ही ती सवय. पेरूवर कीड दिसली, आण बाटली. अंगणात गवत वाढले, आण बाटली. पोराला दोन शिंका आल्या, आण बाटली. ही सवय आता थेट समुद्राच्या तळापर्यंत पोचली आहे. आमच्या बाबतीत हा समुद्राचा तळ सांगलीला, लेकीच्या घरी, दिवाणखान्यातल्या एका काचेच्या टाकीत आहे.

मराठी माध्यमातून बीए झालेल्या, साताऱ्यात जन्मभर मराठी आणि इतिहास-भूगोल शिकवलेल्या बाईने प्रवाळांवर लिहावे का, असा प्रश्न नातेवाइकांना पडेल. नातवालाही पडतो. "आजी, हे सायन्स आहे," असे तो म्हणतो. असू दे. पण कार्यकारणभाव ही काही विज्ञान शाखेची खासगी मालमत्ता नाही. एखादी गोष्ट का झाली हे विचारल्याशिवाय ती घालवायच्या मागे लागू नये, हे मी आठवीच्या वर्गाला इतिहास शिकवतानाच सांगत आले. तेच आज टाकीपुढे बसून सांगते आहे.

ज्यांनी अशी टाकी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. ही सोनमासे ठेवायची साधी टाकी नव्हे. गाळून गाळून शुद्ध केलेल्या गोड्या पाण्यात विकतचे समुद्री मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, विरघळवून समुद्र तयार करायचा. त्यात दगड रचायचे आणि दगडांवर प्रवाळ बसवायचे. पाणी २५-२६ अंशांवर ठेवायचे. सांगलीच्या एप्रिलमध्ये, बाहेर पारा चाळिशीला टेकलेला असताना, हे काम सोपे नाही. रोज जेवढे पाणी उडून जाते तेवढे भरायचे, पण ते गोडे भरायचे, कारण पाणी उडते, मीठ उडत नाही. आमच्या लेकीच्या घरात माणसांपेक्षा या टाकीचा थाट जास्त आहे, असे जावई म्हणतात ते उगीच नाही.

आणि प्रवाळ म्हणजे काय? अंगठीतले पोवळे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मंगळाला शांत करण्यासाठी ते घालणारेही आपल्या घरात आहेत (नावे घेत नाही, वाचत असतीलच!). पण ते पोवळे म्हणजे जिवाने मागे ठेवलेला सांगाडा. जिवंत प्रवाळ हा प्राणी आहे. बारीक बारीक तोंडे, भोवती मिशांसारखे धागे, असे शेकडो जीव एकमेकांना धरून राहतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहते. उन्हावर ते अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. पाणी फार तापले की हा भाडेकरू घर सोडतो आणि प्रवाळ पांढरा पडतो. वर्तमानपत्रात 'ब्लीचिंग' म्हणून येते ते हेच.

आता मूळ मुद्दा.

नातवाच्या टाकीत दोनेक महिन्यांपूर्वी तपकिरी, अर्धपारदर्शक, लहानशा ताडाच्या झाडासारखे काहीतरी दिसले. सुरुवातीला सगळे खूश. "फुकटात फूल आले!" पंधरा दिवसांत एकाची चार झाली, महिन्याभरात वीस-बावीस. शेजारचे प्रवाळ अंग चोरून मिटू लागले. या जिवाचे नाव एप्टेशिया. जातीने समुद्रफूल, म्हणजे प्रवाळाचा चुलतभाऊच. त्याच्या मिशांना डंख असतो आणि तो शेजाऱ्याला भाजत भाजत आपली जागा वाढवतो. हात लावला की क्षणात भोकात शिरतो. ओढून काढायला जावे तर तळव्याचा कण दगडावर राहतो आणि त्या कणातून नवा जीव उभा राहतो.

देवीच्या कथेतला रक्तबीज आठवला ना? थेंब पडला की नवा राक्षस. देवीने काय केले? नुसते शस्त्र चालवले नाही, तर थेंब जमिनीवर पडू नये याची व्यवस्था केली. कथा कुणाला खरी वाटो न वाटो, तिच्यातली युक्ती शहाणपणाची आहे. मारण्याआधी, हा वाढतो कशावर ते पाहा.

पण आमच्याकडे काय झाले? ज्या दुकानातून तो दगड आला होता, त्याच दुकानाने आता बाटली दिली. दुकानाचे नाव मी लिहिणार नाही, कारण सगळीकडे हेच चालते. आधी दगडाबरोबर उपद्रव विकायचा, मग उपद्रवावरचा उतारा विकायचा. दोन्हीकडून गल्ला भरतो. दगड देताना "हा पंधरा दिवस वेगळ्या बादलीत ठेव, रात्री बॅटरी लावून बघ, भोकाभोकांत काय आहे ते तपास" एवढे एक वाक्य कुणी बोलले नाही. बोलले असते तर बाटली खपली नसती.

आणि बाटल्या तरी कसल्या कसल्या! या छंदातली मंडळी काय काय पाण्यात ओततात ते वाचून मी थक्क झाले. माशांच्या अंगावरच्या परजीवींसाठी तांबे, म्हणजे आपल्या ओळखीचे मोरचूद, निरनिराळ्या रूपांत. तासगावचा कुठलाही द्राक्षवाला मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण डोळे मिटून बनवील, तेच हे तांबे. मासा ते मापात सोसतो, पण प्रवाळ, कोळंबी, खेकडा, गोगलगाय यांना ते विषच. शिवाय ते दगडांत मुरते आणि पुढे कधीतरी पुन्हा पाण्यात उतरते. प्रवाळावरच्या बारीक लाल किड्यांसाठी काहीजण मिल्बेमायसिन घालतात. कुत्र्याला हृदयातले जंत होऊ नयेत म्हणून द्यायचे हे औषध. त्याने किडे मरतात हे खरे, पण टाकीतले खेकडे आणि कोळंब्याही त्याच वाटेने जातात. दगडावर लालसर बुळबुळीत थर आला की काहीजण एरिथ्रोमायसिन टाकतात. हो, तेच, डॉक्टरांनी घसा धरल्यावर आपल्याला लिहून दिलेले प्रतिजैविक! थर मरतो, तो कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो आणि पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडमीट करू लागतात. टाकीतली घाण पचवणारे चांगले जिवाणूही धोक्यात येतात. आणि ते पाणी शेवटी जाते कुठे? गटारात. औषधांना न जुमानणारे जिवाणू कुठून येतात म्हणून आपण दवाखान्यात बसून हळहळायचे, आणि घरी एका थरासाठी प्रतिजैविक पाण्यात कालवायचे!

आमच्याकडे यालाच म्हणतात, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

कारण तो लाल थर काय सांगतो? पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढले, पाणी एका कोपऱ्यात साचून राहते, खाणे जास्त पडते. एप्टेशियाही जास्तीच्या खाण्यावरच माजतो. त्याच्याही अंगात शैवाल असल्यामुळे तो निव्वळ उपाशी ठेवून मरत नाही, हे मला मान्य आहे. पण एकाचे बावीस किती दिवसांत होतात, हे मात्र आपण टाकीत काय टाकतो त्यावर ठरते. आमच्या घरी टाकीला तीन वेळा खाणे पडत होते. सकाळी नातू, दुपारी त्याची धाकटी बहीण, रात्री जावई. प्रत्येकाला वाटायचे, बिचारे उपाशी आहेत! लग्नाच्या पंगतीत आग्रह करकरून वाढायची आपली जुनी खोड, ती माशांनाही भोवली.

आता समोरच्याची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर हा वाद नुसता कंठशोष होईल. नातवाचे मित्र म्हणतात, "आजी, बाटलीने गुण येतो. चार दिवसांत टाकी स्वच्छ. तुमच्या उपायांना चार महिने लागतील. तोपर्यंत प्रवाळ मेले तर?" मुद्दा खोटा नाही. घाई असते आणि विकत आणलेला जीव डोळ्यांसमोर मिटताना पाहवत नाही. शिवाय सगळीच औषधे वाईट, असे मी म्हणतच नाही. नवा प्रवाळ आणला की तो वेगळ्या भांड्यात आयोडीनच्या किंवा त्यासाठीच्या दुसऱ्या द्रावणात ठरल्या मिनिटांपुरता बुडवून, खळबळून, मग टाकीत घालणे ही शहाणपणाची रीत आहे. ते औषध भांड्यात राहते, टाकीत जात नाही. भाजी मिठाच्या पाण्यात धुऊन घेण्यासारखेच ते. माझे भांडण आहे ते सगळ्या टाकीत विष ओतण्याशी, आणि कारण तसेच ठेवून परिणाम पुसण्याशी. चार दिवसांत स्वच्छ झालेली टाकी चार महिन्यांनी पुन्हा तशीच होते. मग दुसरी बाटली, आणखी जालीम.

सांगलीकरांना हे मी वेगळे सांगायची गरज पडू नये. फवारणीवर फवारणी करून काय होते ते या जिल्ह्याने सोसले आहे. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला आणि बागायतदारांचे कंबरडे मोडले. त्यानंतर कुठले औषध कधी मारायचे, काढणीच्या किती दिवस आधी थांबायचे, अंश किती राहतो, याची भाषा बांधाबांधावर बोलली जाऊ लागली. पिठ्या ढेकणावर क्रिप्टोलेमस नावाचा मित्रभुंगेरा सोडतात, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. एवढे सगळे शिकलेल्या जिल्ह्यातला शहरी पोरगा टाकीपुढे उभा राहतो आणि विचारतो, "कुठले औषध टाकू?" दोन कोस अंतरावरच्या बागेतले शहाणपण दिवाणखान्यात का येत नाही?

मित्रभुंगेऱ्यासारखे मित्र टाकीतही असतात. पेपरमिंट कोळंबी नावाची लाल रेघांची कोळंबी एप्टेशिया खाते. (घेताना मात्र नीट पाहून घ्यावी. तिच्यासारखीच दिसणारी उंटकोळंबी नावाची दुसरी एक असते, ती प्रवाळच खाऊन टाकते!) तांबड्या-पिवळ्या पट्ट्यांचा, लांब चोचीचा एक फुलपाखरू मासाही तो खातो, पण त्याला मोठी टाकी आणि अनुभवी हात लागतो. आणि बर्घिया नावाची बिनशंखाची इवलीशी समुद्री गोगलगाय आहे, ती तर एप्टेशियाशिवाय दुसरे काही खातच नाही. तो संपला की ती उपाशी मरते. म्हणून परदेशातले समजूतदार छांदिष्ट काम झाले की ती दुसऱ्याच्या टाकीत पाठवतात. आपल्याकडे पूर्वी एकाचे विरजण दहा घरी जात असे, तसे.

हाताने करायचा उपायही आहे आणि त्यात आपला चुना कामाला येतो. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट करायची, पाण्याचे पंप बंद करायचे आणि सिरिंजने ती अलगद त्या जिवाच्या तोंडावर घालायची. तो ती गिळतो आणि जागीच संपतो. एका वेळी चार-पाचच करायचे, नाहीतर पाण्याचा आम्ल-विम्लपणा बिघडतो. चुना टाकीसाठी मिळतो तो शुद्धच घ्यावा, पानाच्या डबीतला नको! आठवड्याने पुन्हा पाहायचे, राहिलेल्यांना पुन्हा घालायचे. कंटाळवाणे काम आहे. वह्या तपासण्याइतके कंटाळवाणे. पण शंभर वह्या एका शिक्क्याने तपासून होत नाहीत, हे मी पस्तीस वर्षे अनुभवले आहे.

चिकाटी का लागते त्याचे आणखी एक उदाहरण देते. शिंगांसारख्या फांद्यांच्या ॲक्रोपोरा प्रवाळावर एक चपटा कृमी येतो. रंग हुबेहूब प्रवाळाचा, दिसता दिसत नाही. शास्त्रज्ञांनी २०११ साली त्याचे रीतसर वर्णन केले ते मत्स्यालयातल्या नमुन्यांवरून. समुद्रात, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, तो नंतर सापडला. म्हणजे बघा, समुद्रात तो शोधावा लागतो आणि टाकीत तो प्रवाळांचा फडशा पाडतो. तिथे त्याच्यावर टपलेली तोंडे असतात, इथे त्याला मोकळे रान. द्रावणात बुडवले की मोठे कृमी गळून पडतात, पण अंडी वाचतात. म्हणून आठवड्या-आठवड्याने पुन्हा बुडवावे लागते. एकदा बुडवून "झाले!" म्हणणाऱ्याचे काही खरे नाही.

आम्हा सातारकरांना याचे उदाहरण घरचेच आहे. कास पठारावर फुलांचे रक्षण व्हावे म्हणून कुंपण घातले, गुरे आत जायची थांबली. मग काय झाले, तर गवत आणि दांडगी झुडपे माजून नाजूक फुले मागे हटू लागली, असे गावकरी आणि अभ्यासक सांगू लागले. पुढे ते कुंपण काढले गेले. चरणारे तोंड गेले की माजणारे माजते. पठारावर गुरे, टाकीत गोगलगायी आणि खेकडे.

आता ज्या गोष्टीमुळे ही नोंद आजच लिहायला बसले, ती सांगते. नातेवाइकांनी ही तरी नीट वाचावी.

बाटलीने एप्टेशिया पूर्ण गेला नाही, तेव्हा कुणीतरी नातवाला सल्ला दिला, "दगड बाहेर काढ आणि पातेल्यात घालून खळाखळा उकळ. सगळे मरेल." पातेले कुठले? स्वयंपाकघरातले. गॅस कुठला? लेकीचा. त्या दगडावर एप्टेशियाशेजारी आणखी कोण बसले होते? झोअँथिड, म्हणजे रंगीत बटणांसारखे मऊ प्रवाळ. या कुळातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचे विष असते. जगातल्या अत्यंत जहाल नैसर्गिक विषांत त्याची गणना होते. हवाई बेटांवरच्या माऊईत हाना नावाच्या गावी असलेल्या अशाच जिवाचे विष जुने लोक भाल्याच्या टोकाला लावत, अशी तिथली परंपरा सांगते. त्याच शोधातून १९७१ साली शास्त्रज्ञांनी हे विष वेगळे काढले. दगड उकळला की हे विष वाफेच्या तुषारांबरोबर हवेत येऊ शकते आणि श्वासातून आत जाते. कडक ब्रशने दगड घासतानाही ते उडते, डोळ्यांत जाते, हाताच्या जखमेतून आत शिरते. २०१८ साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये एका घरात टाकीतले प्रवाळ साफ करताना असेच झाले. घरचे सगळे रुग्णालयात गेले, मदतीला आलेल्या अग्निशामक दलाच्या जवानांनाही न्यावे लागले.

सांगलीच्या त्या घरात माझी नात आहे. तिचा अभ्यासाचा टेबल स्वयंपाकघराला लागून आहे. आता कुणी मला सांगावे की हे सायन्स आहे, आजीने बोलू नये!

दगड उकळला गेला नाही. मी फोनवर जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. पण तो सल्ला देणारा आजही कुणाला तरी तोच सल्ला देत असेल, म्हणून स्पष्ट लिहिते. प्रवाळ बसलेला दगड उकळू नका, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, गरम पाणी मारून घासू नका. झोअँथिडला हात लावायचा तर हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवा. लहान मुले लांब हवीत. ताप, धाप, तोंडात धातूसारखी चव, असे काही झाले तर डॉक्टरांकडे जाऊन टाकीचा उल्लेख आवर्जून करा. त्यांना ते आपणहून सुचणार नाही.

आणि नको झालेले जीव काय करायचे? इथेही आपली एक सोयीस्कर सवय आहे. नदीत सोडायचे! देवाचे निर्माल्य नदीत, फुटलेली मूर्ती नदीत, नकोसा मासा नदीत. "बिचाऱ्याला जीवदान दिले," असे वर समाधान. खाऱ्या पाण्यातला जीव कृष्णेत जगणार नाही. त्याला जीवदान नव्हे, तडफडून मरण मिळेल. पण गोड्या पाण्याच्या टाकीतला काच साफ करणारा सकर मासा मात्र जगतो आणि माजतो. भारतातल्या कितीतरी नद्या-तलावांत तो असाच टाक्यांमधून पोचला आहे आणि जाळी फाडून मच्छीमारांना रडवतो आहे. समुद्राकाठच्यांनी तर जास्तच जपावे. मोनॅकोच्या समुद्र-संग्रहालयाजवळ १९८४ साली भूमध्य समुद्रात कॉलेर्पा नावाच्या शोभेच्या शैवालाचा लहानसा तुकडा दिसला. काही वर्षांत त्याने हजारो हेक्टर तळ व्यापला. तेच शैवाल २००० साली कॅलिफोर्नियात सापडले, तेव्हा ताडपत्र्या अंथरून, खाली क्लोरीन सोडून ते मारावे लागले. २००६ साली ते संपल्याचे जाहीर होईपर्यंत सत्तर लाख डॉलरच्या आसपास खर्च झाला होता. कुणाच्या तरी टाकीतली मूठभर हिरवळ! तेव्हा टाकीतला कचरा कडक उन्हात पूर्ण वाळवावा किंवा ब्लीचच्या पाण्यात बुडवून मारावा, आणि मगच टाकावा. (झोअँथिड वाळवायचे ते घराबाहेर, आणि वाळल्यावर चुरायचे नाहीत.)

टाकीच्या काचेत मला आपले गाव दिसते, म्हणून मी एवढी तावातावाने लिहिते आहे. शेरी नाला वर्षानुवर्षे कृष्णेत मैला आणून घालत राहिला आणि आपण त्यावर चर्चा करत राहिलो. पाण्यात खत झाले की जलपर्णी येणारच. मग ती काढायला यंत्रे आणायची, निविदा काढायच्या, फोटो छापायचे. जलपर्णी निघते, मैला तसाच येत राहतो, जलपर्णी पुन्हा येते. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकलीच्या बाजूला कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. ते दृश्य पाहिलेल्या माणसाने तरी "कुठले औषध टाकू?" असे विचारू नये. पाण्यात आधी काय पडले ते विचारावे.

दूरच्या समुद्रातही हेच चालले आहे. ग्रेट बॅरियर रीफवर काटेरी मुकुटाची चांदणी नावाचा तारामासा प्रवाळ खात सुटतो. पाणबुडे एकेकाला इंजेक्शन देऊन मारतात. पूर्वी मोरचूद टोचत, मग बैलाचे पित्त आले, आणि आता साधे व्हिनेगरही चालते असे दिसले आहे. काम शूरपणाचे आहे आणि करायलाच हवे. पण शेतांतली खते वाहून समुद्रात गेल्याने त्याची पिल्ले जास्त जगतात, असे अनेक शास्त्रज्ञ सांगत आले आहेत. तिथेही टोचणे आणि रोखणे दोन्ही बरोबर चालले तरच उपयोग.

आणि आपले स्वतःचे प्रवाळ? मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीच्या पाण्यात आहेत. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिथे प्रवाळ पांढरे पडल्याच्या नोंदी केल्या आहेत. कडक सांगाड्याच्या साऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, स्थान आहे. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० साली प्रवाळांच्या अवघ्या १८ लहान वसाहती हलवायच्या होत्या, तर त्यासाठीही वनविभागाची परवानगी लागली. म्हणून सांगते, आपल्या समुद्रातला प्रवाळ कुणी "स्वस्तात देतो" म्हणाला तर तो गुन्हा विकतो आहे. परदेशातून आलेला घ्यायचा तर आयातीचे कागद मागा. नसतील तर घेऊ नका.

नातू म्हणतो, मग टाकीच ठेवू नये असे तुझे म्हणणे आहे का? नाही रे बाबा. ठेव. तुझ्या वयात मी रेशमाचे किडे पाळले होते. जीव पाळल्याशिवाय जिवाची कदर कळत नाही. ज्या एप्टेशियाला तू शिव्या घालतोस तो प्रयोगशाळांत सन्मानाने पाळला जातो, हेही तूच मला वाचायला दिलेस. प्रवाळ पांढरे का पडतात हे समजून घ्यायला शास्त्रज्ञ त्यालाच हाताशी धरतात, कारण तो चिवट आहे आणि त्याच्याही अंगात तेच शैवाल राहते. २०१५ साली त्याचा सगळा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. तुझ्या टाकीतला राक्षस तिथे गुरुजी आहे!

म्हणून माझे मागणे एवढेच. खाणे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतके, आणि ते एकाच माणसाने घालायचे. भिंतीवर वही टांग, कोणी कधी काय घातले ते लिही. नायट्रेट-फॉस्फेट आठवड्याला मोज आणि पाणी नियमाने बदल. नवे काहीही आणलेस की आधी वेगळ्या बादलीत ठेव. 'विलगीकरण' हा शब्द २०२० साली शेंबड्या पोरालाही पाठ झाला होता, तो तुझ्या दगडांनाही लागू आहे. मग चुना, मग कोळंबी. बाटली सगळ्यात शेवटी, आणि तीही टाकीबाहेर. एवढी चिकाटी होणार नसेल तर टाकी दुसऱ्या जाणत्या माणसाला देऊन टाक, त्यात कमीपणा नाही. जीव सांभाळता येत नसताना हौस म्हणून कोंडून ठेवण्यात मात्र आहे.

ताजी बातमी अशी की, वही टांगली गेली आहे. पहिल्या पानावर जावयांच्या अक्षरात "रात्री थोडेसेच घातले" अशी नोंद आहे आणि तिच्याखाली नातीने लाल पेनाने रेघ मारली आहे. रक्त कुणाचे आहे ते कळले!

असो. बागायतदार मंडळींपैकी कुणी वाचत असेल तर मित्रकीटकांचा अनुभव प्रतिक्रियेत जरूर लिहा, नातवाला दाखवीन. आणि ज्यांना "आजींनी उगाच बाऊ केला" असे वाटते, त्यांनीही लिहा. उत्तर द्यायला मी आहेच.